बेटावर माणूस हरवत नाही

“थांबा. डोकी मोजू द्या आधी.”

आमटीचं पातेलं समोर वाफाळत असायचं, तीस भुकेली माणसं ताटं हातात घेऊन रांगेत उभी असायची, आणि आमचे आचारी पळी हवेत धरून एकेका डोक्याकडे नेम धरायचे. एक, दोन, तीन. पुण्याच्या माणसाला जेवणाआधी उभं करून मोजणं म्हणजे त्याच्या शेपटीवर पाय देणं. “अहो, आम्ही काय शाळेच्या सहलीला आलोय का?” असं कुणीतरी म्हणायचंच. आचारी ऐकायचे नाहीत. गंमत पुढे होती. तिसावं डोकं मोजून झाल्यावरही पळी लगेच खाली यायची नाही. ती क्षणभर दाराच्या दिशेने तशीच राहायची, कुणी यायचं राहिलंय अशी. मी म्हणायचे, “सगळे आले हो, मामा.” मग ते दचकायचे. “हां, आले, आले,” म्हणायचे आणि पहिली पळी ताटात पडायची.

ही सवय मी सात वर्षं पाहिली. पहिली दोन वर्षं मला वाटत होतं, भाताचा अंदाज घेतायत.

बुधवार पेठेत, एका रेडिओ-टेपच्या दुकानाच्या वर आमचं सहलीचं ऑफिस होतं. मालक, मी, आणि हे आचारी. मी तिकिटं आणि व्हिसाची कामं बघायची आणि गरज पडली तर ग्रुपबरोबर जायची. आचारी प्रत्येक सहलीला जायचे, कारण पुण्याचा माणूस जग बघायला निघाला तरी सकाळी त्याला पोहेच लागतात. सहल नसेल तेव्हा ते ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी असं पुढच्या सहलीचं सामान बांधायचे. बसून म्हणते खरी, पण हा माणूस धड बसलेला मी कधी पाहिला नाही. उकिडवे असायचे, एक पाय सतत हलत असायचा, आणि रस्त्यावर कुठे बँड वाजला की हातातला लसूण टाकून थेट गॅलरीत.

“बँडचा शौक दिसतोय, मामा,” मी एकदा म्हटलं.

“शौक माझा न्हाई, बाई,” ते म्हणाले आणि मंडईच्या दिशेने बघत राहिले.

ते धायरीचे. धायरी गाव होतं तेव्हाचे. चुलत्यांनी जमीन बिल्डरला दिली, यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि गावजेवणात शिकलेला स्वयंपाक एवढंच आलं. पन्नाशीचे, काटक, डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी त्यांनी सिंगापूरच्या विमानतळावरही काढली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे माणसं चौकशीला यायची. युरोपला जावं की दुबईला, काश्मीर की केरळ. माझ्यापुढे माहितीपत्रकांची चळत असायची. मी तोंड उघडायच्या आत मागच्या खोलीतून आवाज यायचा.

“बेटावर जावा!”

बेट म्हणजे मॉरिशस. प्रत्येकाला वेगळं कारण. निवृत्त हेडक्लार्कला सांगायचे, “थंडी न्हाई. स्वेटर घ्याया नको, कानटोपी नको, बॅग हलकी.” नव्या जोडप्याला म्हणायचे, “पुस्तकात असतोय तसा निळा समुद्र हाय, फोटूला मागं काय लावाया नको.” कुणाच्या सासूबाई बरोबर असल्या तर, “कढीपत्ता दारात, नारळ दारात. आमटी घरच्यासारखी हुती.” एका गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं होतं, “पण तिथे बघण्यासारखं असं आहे किती?” आचारी म्हणाले, “थोडंच हाय. म्हंजे पाय दुखत न्हाईत.” ते गृहस्थ लगेच पैसे भरून गेले. मालक म्हणायचे, पत्रक छापणं बंद करू आणि यांनाच दारात बसवू.

सगळी कारणं देऊन झाली की ते लसूण सोलत, जरा हळू आवाजात शेवटचं कारण द्यायचे. “आणि मुख्य म्हंजे, बेटावर माणूस हरवत न्हाई. जाऊन जाऊन जाईल कुटं? काठापर्यंत.”

लोक हसायचे. मीही हसायची. मग एका लग्नसराईत, दुपारी दोनच्या सुमाराला फोन आला.

“हॅलो, तुमचा एक माणूस इथं आलाय. वरातीबरोबर आला. वरात गेली, हा राहिला.”

मी म्हटलं, आमची कुठली वरात? राँग नंबर. तो म्हणाला, “अहो, खिशात तुमच्या ऑफिसचं कार्ड आहे. मागं लिहिलंय, हा माणूस भोळा आहे. मारू नये. पुढच्या नंबरवर फोन करावा.”

मी मागे वळून बघितलं. आचारी दारात उभे होते आणि टोपी नीट करत होते. “कुटं हाय म्हनाले?” एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं तसे जिना उतरून गेले.

तो त्यांचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, उंच, गोरटेला, शर्टाचं वरचं बटण लावलेला. भुवईवर एक जुनी खूण होती. एका मांडवात चोर समजून लोकांनी धरला होता, तेव्हाची. कार्डावरचे ‘मारू नये’ हे शब्द त्यानंतरचे. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं. फक्त ताल ऐकू आला की पाय निघाले. ढोल असो, ताशा असो, लग्नाचा बँड असो, तो मागून चालत जायचा, तळहाताने मांडीवर ठेका धरून. वाजवणारे जातील तिथवर. वाजायचं थांबलं की जागच्या जागी उभा, आणि आपण कुठे आहोत ते त्याला सांगता यायचं नाही. आई होती तोवर ती त्याच्या मागे मागे जायची. आई थकली, मग फोन आमच्या ऑफिसात येऊ लागले. कात्रज, बिबवेवाडी, एकदा तर पार उरुळी.

एकदा मामा केरळच्या सहलीवर होते, आईला ताप होता, म्हणून मीच आणायला गेले. हडपसरच्या पुढे एक कार्यालय. तो ढोलवाल्यांच्या टेंपोला टेकून उभा होता. “चला,” म्हटलं. तो म्हणाला, “जेवतायत.” कोण? तर वाजवणारे. त्याच्या हिशेबाने अजून संपलं नव्हतं. मी तासभर त्या उन्हात उभी राहिले, मनातल्या मनात सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मग ढोल टेंपोत चढले, टेंपो गेला. “संपलं,” तो म्हणाला आणि गरीब गाईसारखा माझ्यामागे रिक्षात येऊन बसला. सगळ्या वाटेत त्याचा हात मांडीवर चालूच होता. मी हात धरून थांबवायला गेले, आणि का कोण जाणे, नाही थांबवला.

पुढच्या वर्षी आषाढात त्यांची आई गेली.

आषाढ, आणि मग श्रावण. पुण्यात श्रावण म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो, आणि वारा असेल तसा तो आवाज शहरभर फिरतो. इतरांना उत्साह येतो, कुणाचं डोकं दुखतं. आमच्या आचाऱ्यांचे डोळे खोल जाऊ लागले. त्यातच त्यांना आठ दिवसांची एक सहल करावी लागली. शेजारीण म्हणाली, बाहेरून कडी घालते, खिडकीतून जेवण देते, आठ दिवसांचा काय प्रश्न. त्यांनी घातली कडी.

परत आले त्या दिवशी ऑफिसात आले आणि सामान न सोडता तसेच उभे राहिले. “बाई, हात सुजलेत त्याचे,” म्हणाले. “आत बसून दाराची फळी बडवीत हुता. आठ दिवस. बाहेर ढोल वाजला की आतनं हा.” मग त्यांनी आपले दोन्ही तळहात मला दाखवले, जणू तेच सुजले होते. “पुन्यांदा कडी न्हाई घालनार. नोकरी ग्येली तरी चालंल.”

त्याच आठवड्यात मी एक जाहिरात लिहून ठेवली होती. ‘गणपतीच्या गोंगाटापासून दूर, मॉरिशस!’ पेठांमधल्या निवृत्त मंडळींसाठी ही आमची खास सहल होती. घरचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करायचा, बॅग भरायची आणि अनंत चतुर्दशीपर्यंत पळ काढायचा. खिडक्यांच्या काचा थरथरणाऱ्या घरांतून माणसं धडाधड नावं नोंदवत होती.

आचाऱ्यांनी जाहिरात दोनदा वाचली. “बाई, ह्याला नेऊ या,” म्हणाले. “ढोल न्हाई, ताशा न्हाई. चारी बाजूंनी पानी. जाऊन जाऊन जाईल कुटं?”

“काठापर्यंत,” मीच म्हटलं.

मालकांना मी सांगितलं की तीस माणसांना एक मदतनीस लागतोच. धडधडीत खोटं बोलले. मालकांना ते कळलं असावं, पण असा आचारी त्यांना दुसरा मिळाला नसता. पासपोर्टच्या पहिल्या फोटोत धाकटा बाजूला बघतोय, कारण स्टुडिओखालून त्या वेळी काहीतरी वाजत गेलं होतं. तीनदा काढावा लागला.

आणि मॉरिशस. समुद्राकाठी बुटक्या बंगल्या, मागे उसाची शेतं, मधे एक मोठं स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी सगळे नुसते गप्प बसून होते. समुद्रामुळे नाही, शांततेमुळे. “ऐका, काही ऐकू येत नाही,” असं आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांना लक्ष्मी रोडवर चाळीस वर्षं झाली होती. धाकटा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून कोथिंबीर निवडायचा आणि लाटा बघायचा. त्याचा हात मांडीवर स्थिर असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काहीतरी विचारायला गेले तर आचारी भिंतीला टेकून झोपले होते. टोपी डोळ्यांवर, तोंड उघडं. मी दार ओढून घेतलं. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी डोकी मोजली नाहीत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, माझंच ओझं उतरलं असं वाटलं.

तिथे मराठी माणसं आहेत, हे आम्हाला माहीत होतं. कितीतरी पिढ्यांपूर्वी गेलेली. पत्रकात मीच ‘आपली माणसं’ असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. पण आपली माणसं म्हटली की गणपती आलाच, हे ना मालकांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. गणपती पुण्याचा, तो पुण्यातच राहणार, आपण तेवढे निघायचं. पुणेकराखेरीज ही चूक कुणी करणार नाही.

गणपतीचा पाचवा दिवस. मुख्याध्यापिकाबाईंनी उकडीच्या मोदकांची फर्माईश केली होती. गोंगाट नको होता, मोदक हवे होते. आचारी कोपरापर्यंत उकडीत होते, मी नारळ खवत होते. साडेचारच्या सुमाराला ते एकदम थांबले.

“बाई, काय वाजतंय?”

मला लाटाच ऐकू येत होत्या. मग उसाच्या पलीकडून आला. ढोल. झांजा. आमच्यासारखा नाही, जरा वेगळ्या चालीचा, पण ढोलच. आम्ही दोघांनी एकदमच पायरीकडे बघितलं. अर्धी निवडलेली कोथिंबीर होती.

ते तसेच धावले, हाताला उकड माखलेली. मी मागून. उसातली लाल मातीची वाट, पुढे डांबरी रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला मिरवणूक. नऊवारी नेसलेल्या काळ्यासावळ्या बायका, टोप्या घातलेले पुरुष, गुलाल, सजवलेल्या गाडीवर गणपती. शब्द आरतीचे, आपलेच, चाल मात्र वाटेत कुठेतरी बदललेली. एरवी मी रडले असते ते बघून. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की मिरवणूक समुद्राकडे चालली आहे.

ते आचाऱ्यांनाही दिसलं. “चारी बाजूंनी पानी, बाई,” ते धावता धावता म्हणाले. त्यांचा श्वास पुरत नव्हता. “चारी बाजूंनी.” ‘ह्याला नेऊ या’ म्हणताना त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं.

आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा गणपती पाण्यात होता. कमरेएवढ्या पाण्यात पन्नाससाठ माणसं. वाजवणारेही पाण्यात उतरले होते. आचाऱ्यांनी हात वर केला आणि डोकी मोजायला लागले. एक, दोन, तीन. लाट आली की डोकी हलत होती, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. कोणाला मोजत होते, का मोजत होते, देव जाणे. गणपती बुडाला. ‘मोरया’ झालं. आणि ढोल थांबला नाही.

एकच ढोल वाजत होता. गर्दी बाजूला झाली तेव्हा दिसलं, गुडघाभर पाण्यात आमचा धाकटा, गळ्यात ढोल, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्याच्यामागे एक आडदांड माणूस, ज्याचा ढोल होता तो, आणि त्याने धाकट्याचा शर्ट पाठीकडून मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

“भाई है आपका?” तो मोडक्या हिंदीत म्हणाला. “पानी में जाता था. हम बोला, तुम बजाओ, हम पकड़ता है. अच्छा बजाता है!”

आचारी वाळूत खाली बसले. मोठ्याने रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटा वाजवून दमला, मग ढोल उतरवून त्याने त्या आडदांड माणसाला दिला आणि भावाजवळ येऊन “संपलं” म्हणाला.

परतताना उसातून चालत होतो. आचारी पुढे बघत म्हणाले, “बेट बी कमीच पडलं, बाई. काठापाशी थांबत न्हाई ह्यो.” ऊस संपता संपता पुन्हा म्हणाले, “त्या मानसानं अडवला न्हाई त्याला. धरला नुसता.”

बंगल्यांपाशी आलो तर आमच्या निवृत्त मंडळींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलेलं. मोदक वळून, वाफवून तयार. निम्मे फुटलेले. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघा भावांकडे बघितलं, ओल्या कपड्यांकडे बघितलं आणि ताट पुढे केलं. “आधी खायचं. रडायचं ते नंतर,” म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. दोघेही मुकाट्याने खायला बसले.

अर्थात पुण्यात परत आल्यावर तक्रारीचं एक पत्र आलंच. ‘आम्ही गोंगाटापासून दूर जाण्यासाठी नाव नोंदवले होते. आपण आम्हांस गणपतीलाच नेलेत. शिवाय मोदक आम्हांसच वळावे लागले. कळावे.’ मी ते मागच्या खोलीत वाचून दाखवायला गेले. आचाऱ्यांना हसू येईल असं वाटलं होतं. खोलीत मेतकुटाच्या पिशव्या शिवून, नीट रचून ठेवलेल्या होत्या. उकिडवे बसायचे तो पाट उभा करून भिंतीला लावलेला होता. त्या दिवसापासून ते आले नाहीत. मालकांनी दोनदा धायरीला माणूस पाठवला. घराला कुलूप होतं.

मग नवे आचारी आले. चांगला स्वयंपाक करायचे. डोकी मोजायचे नाहीत, आणि बेटावर का जावं हे विचारलं तर “पत्रकात आहे” म्हणायचे. लग्नसराई आली. दुपारी फोन वाजला की मी आधी पर्स उचलायची, मग फोन. पण फोन तिकिटांचेच असायचे. माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. बँड वाजला की मीच गॅलरीत जाऊन उभी राहायला लागले. मालक म्हणाले, “तुम्हालाही शौक लागला वाटतं.”

दोन वर्षांनी सिंहगड रोडवर माझी रिक्षा अडकली. पुढे वरात. अर्धा तास जागचं हलणं नाही. मला घाई होती, मी रिक्षावाल्यावर, नवऱ्यामुलावर, एकूणच विवाहसंस्थेवर चिडत होते. बँड जवळून जायला लागला. लाल कोट, सोनेरी गोंडे. मधे ढोलवाले, आणि त्यांच्यात उंच, गोरटेला, कोटाचं वरचं बटण लावलेला तो. नवऱ्याच्या घोड्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो वाजवत होता. शेवटी दिव्यांच्या जनरेटरचा गाडा, आणि तो ढकलणारा काटक माणूस. पांढरी टोपी.

“मामा!”

ते गाडा सोडून आले नाहीत. मीच उतरून बरोबर चालू लागले. घामाने निथळत होते, पण पाय हलत नव्हता, म्हणजे चालत होता, पण नुसता चालत होता. मी म्हटलं, कुठे होतात, परत या, पुढच्या महिन्यात मॉरिशसचा ग्रुप आहे.

“बेटाला काय कमी न्हाई, बाई,” ते म्हणाले. “पन आमचा सीझन हाय.” मग एका हाताने गाडा धरून दुसऱ्याने खिसा चाचपला आणि मळलेलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. आमच्या ऑफिसचं. मागे त्यांच्याच अक्षरात ‘मारू नये’. “हे ठेवा तुमच्यापाशी. आता ह्याचं काम न्हाई.”

कार्यालयाच्या दारात बँड थांबला. आचाऱ्यांनी जनरेटर बंद केला आणि हात वर केला. एक, दोन, तीन. लाल कोटावर लाल कोट. सतरापर्यंत मोजलं आणि अठराव्याला बोट धाकट्यावर आलं. हात दाराकडे वळायची मी सवयीने वाट बघत राहिले.

हात खाली आला.